एकही स्क्रू दिसता कामा नये

२ फेब्रुवारी

शेजारचा डेक आज पुरा झाला. मला काहीही वाटलं नाही.

२ फेब्रुवारी, दुपारी तीन

पुन्हा लिहून ठेवतो, काहीही वाटलं नाही. मागच्या अंगणात चार वासे टाकायचे, त्यावर फळ्या अंथरायच्या आणि वर खुर्च्या मांडून पाय लांब करायचे. आमच्या लहानपणी याला काही नावच नव्हतं, कारण असलं काही कोणी करत नसे.

शेजारी म्हणजे पहिला नंबर. पाचवीपासून शाळा सुटेपर्यंत आम्ही एका वर्गात. तो गणितात पहिला, धावण्यात पहिला आणि (हे लिहिताना आजही पेन अडखळतं) कवितापाठात पहिला. त्या स्पर्धेत मीही होतो. नदीची कविता, सहा कडवी. मला सहाही झोपेत पाठ. चौथ्या कडव्याला परीक्षकांच्या मागच्या खिडकीत एक साळुंकी येऊन बसली. तिच्या पायाला दोरा गुंडाळलेला होता. तो कुठून आला असेल या विचारात मी पडलो, आणि विचारातून बाहेर आलो तेव्हा पहिला नंबर पितळी कप घेऊन खाली उतरत होता. वर्गात मला पेंगूळ म्हणत. पेंगत नसे मी. पाहत असे.

तर जगात एवढी घरं असताना तीन वर्षांपूर्वी या गृहस्थाने नेमकं आमच्या शेजारचं घेतलं. एकटाच असतो. मधल्या भिंतीत एक फाटक आहे. ते बुजवावं असं मी तेव्हाच म्हणालो होतो.

२ फेब्रुवारी, संध्याकाळी सव्वापाच

आमची ही तिकडे डेक बघायला गेली आहे. बघायला पाच मिनिटं लागतात. पंधरा झाली.

५ फेब्रुवारी

चौथा दिवस. आमच्या मागच्या दाराला एक दगडी पायरी आहे. बुटकी, मधे झिजलेली. एकेचाळीस वर्षं संध्याकाळी पाचला आम्ही दोघं तिच्यावर बसून चहा पितो. मी शाळेतली एखादी कविता म्हणतो, ही ऐकते. माझ्या आयुष्यातली एवढी एकच गोष्ट अशी आहे जिच्यात पहिला नंबर कधी नव्हता. आता ही पाचला कप घेऊन फाटकातून तिकडे जाते. कपसुद्धा जोडीतला, निळ्या काठाचा. दुसरा माझ्या हातात.

आज सहज विचारलं, अगदी सहज, की तिकडे असं काय आहे. म्हणाली, काही नाही हो, बसायला बरं पडतं, गुडघा फार बोलायला लागलाय हल्ली.

"बसायला" या शब्दावर तिचा जोर होता, तो मी बरोबर टिपला. म्हणजे प्रश्न माणसाचा नाही. डेकचा आहे. मनावरचा मोठा दगड उतरला.

७ फेब्रुवारी

डेकची पाहणी केली. पहिला नंबर अंघोळीला गेला असताना फाटकातून आत शिरलो आणि फळ्यांवर पालथा पडून पाहिलं. एकही स्क्रू नाही. एकही खिळा नाही. फळ्या नुसत्या आपल्या अंगच्या गुणांवर जागच्या जागी बसलेल्या. डोळ्यांना चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. मन विषण्ण झालं.

उठायच्या आत तो टॉवेल खांद्यावर टाकून आला. म्हणाला, अरे पेंगूळ, काय हरवलं? मग माझ्या शेजारी उकिडवा बसून (या वयात! मुद्दाम!) समजावू लागला. छुप्या क्लिपा असतात म्हणे. फळीच्या कडेला खाच, खाचेत क्लिप, क्लिपेतून स्क्रू खालच्या वाशात. वरून काही दिसत नाही. स्क्रूचं भोक नाही म्हणजे त्यातून पाणी मुरत नाही, म्हणून लाकूड टिकतं. पंचवीस वर्षं बघायला नको.

मी हिशेब केला. पंचवीस वर्षांनी आम्ही दोघंही शहाण्णव. तोवर याची मिजास ऐकायची.

दोन फळ्यांच्या मधे मात्र फटी आहेत. करंगळीचं नख जाईल एवढ्या. अगदी दात विरळ झालेल्या तोंडासारखं दिसतं. हे मी त्याला बोललो नाही. स्वभावातच नाही आपल्या.

९ फेब्रुवारी

क्लिपा खालून पाहणं आवश्यक होतं. त्याच्याकडची जमीन फाटकाच्या बाजूला उतरती असल्याने तिथे डेकखाली माणूस सरपटत जाऊ शकतो. साडेचारला गेलो. खाली सुरेख कोरडं, वारा खेळता, वाशांवर डांबरासारखी काळी पट्टी चिकटवलेली. अभ्यासात इतका रंगलो की पाच वाजलेले कळले नाहीत. वर पावलं वाजली. मग खुर्च्या.

ऐकणं माझ्या तत्त्वात बसत नाही. पण फटी होत्या.

दोघं काही बोलतच नव्हते. हे मला फार संशयास्पद वाटलं. दहा मिनिटांनी ही म्हणाली, आज गुडघा बरा आहे. तो म्हणाला, खुर्ची उंच आहे ना, वहिनी, म्हणून. पुन्हा शांतता. मग मला शिंक आली. तो म्हणाला, खाली मांजर शिरलंय वाटतं, हाकलू का? ही म्हणाली, राहू द्या भावोजी, गरीब आहे. आणि तेवढ्यात वरून चहा सांडला. फटीतून थेट माझ्या मानेवर.

निष्कर्ष: (१) त्यांच्यात बोलण्यासारखं काही नाही. (२) फटी वाईट.

घरी आल्यावर ही म्हणाली, शर्ट धुवायला टाका, मागे चहा आहे. बायकांना कसं कळतं देव जाणे.

१२ फेब्रुवारी

निर्णय झाला. आमचाही डेक. छुप्या क्लिपांचा. त्याचा पंचवीस वर्षांचा, माझा तीस. त्याला फटी, माझा सलग, आमच्या शाळेतल्या बाकासारखा, ज्यावर हात फिरवला की वाटे आपण एका अखंड झाडाशी बोलतो आहोत. उंची मात्र पायरीएवढीच. म्हणजे पूर्वीसारखं काठावर शेजारी शेजारी बसायचं. खुर्च्या नाहीत. खुर्ची आली की ऑफिस आलं.

मुलीला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बाबा, आईला विचारलंत का? मी म्हणालो, सरप्राइज आहे. ती म्हणाली, मागच्या सरप्राइजचा पाळणा अजून माळ्यावर आहे बाबा, आणि माझा मुलगा आता गाडी चालवतो. विषय बदलला.

१४ फेब्रुवारी

मिस्त्री येऊन गेला. पहिल्या नंबराकडचाच. माणूस जाणता आहे पण बोलतो फार. डेक कशाने मरतो यावर त्याने अर्धा तास घेतला. पाण्याने मरत नाही म्हणे, साचलेल्या पाण्याने मरतो. खालून वारा पाहिजे, कापलेल्या टोकांना मेण लावायला पाहिजे, फळीफळीत फट पाहिजे, भिंतीपासून बोटभर जागा पाहिजे. काका, लाकूड तोडलं तरी मरत नाही, पाणी प्यालं की फुगतं, उन्हात आकसतं, त्याला अंग हलवायला जागा ठेवा.

ऐकायला छान होतं. वृत्तात बांधता येईल. अमलात आणण्याची गरज नाही.

शेवटी त्याने विचारलं, काकूंना कसा पाहिजे? मी म्हणालो, काकूंचं मी बघतो.

१६ फेब्रुवारी

पायरी मधे येत होती. फोडली.

ही खिडकीत उभी राहून बघत होती. काहीच बोलली नाही. आनंदाने कधीकधी शब्द फुटत नाहीत. नंतर खाली येऊन झिजलेल्या भागाचा एक मोठा तुकडा तिने कुंडीशेजारी नेऊन ठेवला. म्हटलं, कशाला? म्हणाली, असू दे. बाकीचा राडारोडा डेकखाली भरायला उपयोगी पडेल. त्याच्या डेकखाली नुसती हवा आहे. माझ्या डेकखाली भक्कम आधार असेल. तीस वर्षं उगीच निघत नाहीत.

१९ फेब्रुवारी

मिस्त्रीशी मतभेद. वासे त्याने उत्तम बसवले, काळी पट्टीही लावली. मग पहिली फळी दाराशी ठेवली आणि क्लिपा काढल्या. काळ्या प्लास्टिकच्या, मधे एक उभी भिंत. ती भिंतच म्हणे दोन फळ्यांत फट राखते. मी म्हटलं, फट नको. तो म्हणाला, फट पाहिजेच. मी म्हटलं, डेक कोणाचा? तो म्हणाला, डेक तुमचा, पण नाव माझं जातं. मी म्हटलं, भिंत घासून टाका. तो हसला. मला ते हसू आवडलं नाही. मग खालचा राडारोडा पाहिला आणि हसायचा थांबला. म्हणाला, काका, हे तर तुम्ही लाकडाला लोणच्यासारखं बरणीत घालताय.

शब्दाला शब्द वाढला. जाताना म्हणाला, क्लिपा आहेत, स्क्रू आहेत, मशीन दोन दिवस ठेवा, तुम्हीच ठोका. वर हिला म्हणाला, काकू, काही लागलं तर फोन करा. काही लागलं तर म्हणजे काय?

२० फेब्रुवारी

क्लिपा घासायला घेतल्या. एकवीस फळ्या, आठ वासे. एकशेअडुसष्ट क्लिपा. दिवसाला पन्नास सहज.

२० फेब्रुवारी, संध्याकाळ

नऊ.

२३ फेब्रुवारी

कानशीने अंगठा सोलला. डाव्या हाताने घासतो आहे. पहिला नंबर भिंतीवरून डोकावून म्हणाला, काय रे, नखं कापतोयस? मी म्हणालो, कलाकुसर. तो म्हणाला, अरे मी येऊ का मदतीला, मला तेवढाच विरंगुळा. बघा! स्वतःचा झाला तरी दुसऱ्याच्या डेकात बोट घालायची हौस. नको म्हणालो.

हिने अंगठ्याला पट्टी बांधली. बांधताना म्हणाली, पाच वाजता या ना तुम्हीपण तिकडे. मी म्हणालो, थोडे दिवस थांब. पुढचं आयुष्य आपलंच आहे.

२७ फेब्रुवारी

फळ्या बसवायला सुरुवात. पहिली दाराला चिकटून, दुसरी पहिलीला चिकटून. प्रत्येकीच्या पोटाला पेन्सिलने नंबर घातला. फळी आत बसली की वरून काही दिसत नाही, हातोडीचा घाव ऐकू येतो आणि मग एकदम गप्प. फार कविता आहे या कामात. एक द्विपदी सुचली:

फळीस बिलगे फळी जिवाची, फटीस उरला ठाव नसे;
खिळा न दिसतो, स्क्रूही नाही, तरी सुखाचा डेक वसे.

हिला म्हणून दाखवली. म्हणाली, शेवटी "फसे" घातलंत तरी मात्रा जुळतात.

१ मार्च

झाला!! एकविसावी फळी पलीकडच्या कुंपणाच्या भिंतीत बसेना, तेव्हा लाकडाचा ठोकळा लावून घणाने बसवली. आता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सुतळीचा धागा जाणार नाही. मिस्त्रीचं बोटभर, करंगळीभर, सगळं वाया. गुडघे टेकून हात फिरवला. बाकच. अगदी आमच्या वर्गातला बाक. खिडकी आणि साळुंकी तेवढी कमी.

हिने दारात उभं राहून पाहिलं. विचारलं, बसायचं कशावर? मी म्हटलं, फळीवर, काठावर, पूर्वीसारखं. म्हणाली, आणि गुडघा धरून उठायचं कसं? मी म्हटलं, इतक्या रम्य जागेवरून उठायचंच कशाला?

यावर ती जरा वेळ माझ्याकडे बघत राहिली. ओळ तिला भिडली असावी.

उद्घाटन दहा तारखेला. तोवर दार बंद, वापर बंद. नव्या गोष्टीची वाट पाहण्यात गोडी असते.

३ मार्च

लाकूड ओलं झालं की रंग खुलतो, हा शोध लागला. सकाळ संध्याकाळ पाइपने धुतो. मधासारखं दिसतं. पहिला नंबर भिंतीवरून बघतो. मुद्दाम त्याच्या चहाच्या वेळेला धुतो.

५ मार्च

आज तो म्हणाला, पेंगूळ, इतकं पाणी नको घालूस रे, खाली वारा नाही, वाळायचं कसं? मी म्हणालो, माझा तीस वर्षांचा आहे. तो म्हणाला, तीस? कोणी सांगितलं? मी पाइपचा नळ मोठा केला.

जळतो आहे. स्पष्ट दिसतं. अशी माणसं मला मुळीच समजत नाहीत. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही म्हणजे काय? मी तर त्याच्या डेकबद्दल महिनाभर एक शब्द वाईट बोललो नाही. लिहिला फक्त.

७ मार्च

डेकमधून आवाज येतात. टक्. थोड्या वेळाने पुन्हा टक्. लाकूड रुळतंय. जुन्या बाकांनाही असा आवाज होता, वर्ग रिकामा असला की.

८ मार्च

मधल्या तीन फळ्या किंचित कमानदार झाल्या आहेत. पुलासारख्या. सौंदर्यात भर. पाणी वाहून जायला उतारही आपोआप मिळाला. मिस्त्रीला हे सुचलं नसतं.

९ मार्च

कमान पाच फळ्यांची. एका कडेला काळी क्लिप तोंड बाहेर काढून बघते आहे. दाबून आत बसवली. पुन्हा आली. तिच्यावर कुंडी ठेवली.

खालून कुबट वास येतो. उद्या उदबत्ती.

१० मार्च, सकाळी

आज. पहिल्या नंबराला आमंत्रण द्यायला फाटकातून गेलो. म्हणालो, पाचला ये. भिंतीपलीकडूनच बघ, आत जागा दोघांपुरतीच आहे. तो म्हणाला, येतो की. वाईट वाटलेलं दाखवलं नाही. खेळाडू माणूस.

हिला सांगितलं, आज मागच्या दारातून बाहेर यायचं. ट्रेमध्ये निळ्या काठाचे दोन कप. मी डेकवर वाट बघेन. नदीची कविता म्हणेन, सहाही कडवी.

१० मार्च, संध्याकाळी साडेसात

जे घडलं ते क्रमाने लिहितो. भावनेच्या आहारी जाणार नाही.

दुपारी तीनला शेवटचं धुणं. सढळ हाताने. साडेचारला काठावर जाऊन बसलो, कविता मनात घोळवली. पाचला आतून कडी वाजली. दार हललं नाही.

आमचं मागचं दार बाहेर उघडतं. ही बाब मी जन्मभर जाणतो. पहिली फळी दारासमोर दोन बोटं वर आली होती आणि दाराच्या खालच्या कडेला टेकून उभी होती. सकाळपर्यंत नव्हती. निदान मी पाहिली नव्हती.

मी म्हणालो, जोरात ढकल. आतून ही म्हणाली, ट्रे आहे हातात. मी म्हणालो, ठेव. तिने ठेवला आणि ढकललं. पायाखाली टक् झालं, मग टक् टक् टक्, सगळ्या डेकभर, वर्गात एकाने टाळी दिली की सगळे देतात तसं. मधल्या पाच फळ्या माझ्या डोळ्यांदेखत उठल्या. दार तसूभरही सरकलं नाही. उलट घट्ट बसलं.

ही खिडकीत आली. मी खिडकीखाली उभा. म्हणालो, थांब, इथूनच ऐक. आणि नदीची कविता सुरू केली. काय करणार, ठरलं होतं. तिसऱ्या कडव्यानंतर वर पाहिलं तर खिडकीत कोणी नव्हतं.

ती पुढच्या दाराने, रस्त्याने, ट्रे घेऊन शेजारी गेली होती. भिंतीवरून दिसलं. दोघं त्या उंच खुर्च्यांवर बसलेले आणि माझ्याकडे बघत होते. मी माझ्या डेकवर एकटा. पहिला नंबर म्हणाला, वहिनी म्हणतायत चहा निवतोय, घे. आणि भिंतीवरून निळ्या काठाचा कप दिला. उभ्यानेच प्यालो.

मग त्याने हळूच विचारलं, पेंगूळ, पुढचं कडवं काय होतं रे?

मला आठवलं नाही. शपथेवर लिहितो, साळुंकी नव्हती काही नव्हतं, तरी आठवलं नाही.

११ मार्च

हिने मिस्त्रीला फोन केला. माझ्याकडे नंबर होता, तरी हिने केला.

मिस्त्री आला, पहार घेऊन. डेकभोवती एक चक्कर मारली, नाकाला रुमाल लावला आणि एकच प्रश्न विचारला, कुठल्या टोकापासून बसवल्या? मी म्हणालो, दारापासून. तो खाली बसला. म्हणाला, मग दाराची फळी शेवटी निघणार.

हे मला खरोखर माहीत नव्हतं. वरून स्क्रू असता तर ती एक फळी सोडवली असती, पाच मिनिटांचं काम. पण छुप्या क्लिपांत प्रत्येक फळी पुढचीच्या पोटात अडकलेली. मधली कुठलीच सुटी होत नाही. एकविसावी काढा, मग विसावी, मग एकोणिसावी. एक नंबर, जिच्यासाठी हे सगळं, सगळ्यांत शेवटी.

पहिला नंबर बाह्या सरसावून फाटकातून आला. कोणी बोलावलं नव्हतं. आम्ही तिघं लागलो. मी नंबर वाचायचे, ते दोघं उचकटायचे. फळ्यांच्या पोटाला बुरशी, पांढरी, कापसासारखी. दहा दिवसांत. राडारोडा चिखल झालेला. मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलं. या माणसाचं न बोलणं बोलण्यापेक्षा जास्त टोचतं.

चौदाव्या फळीशी मला राहवेना. पहिल्या नंबराला विचारलं, तुला ती कवितापाठाची स्पर्धा आठवते? पितळी कप?

म्हणाला, कसली स्पर्धा?

मी म्हटलं, नदीची कविता. तू पहिला आलास. पहार टेकवून त्याने विचार केला. प्रामाणिकपणे केला, हे मला मान्य केलं पाहिजे. मग म्हणाला, नाही रे. एक पितळी पेला आहे खरा घरी, कशाचा ते आठवत नाही. उरलेले स्क्रू ठेवलेत त्यात.

छप्पन्न वर्षं.

तेरावी फळी मी एकट्याने काढली. रागाने चांगली निघाली.

११ मार्च, दुपारी

पहिली फळी निघाली. दार उघडलं. ही दारात, आणि दाराबाहेर काहीच नाही. पायरीही नाही, डेकही नाही, चिखलात वाशांचा सांगाडा. तिला खाली उतरता येईना. पहिला नंबर पुढे झाला, पण मी आधी पोचलो. हात दिला. पहिल्यांदाच कशात तरी पहिला.

तिने सांगाड्याकडे पाहिलं, फळ्यांच्या ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाली, अहो, मला डेक नकोच होता. पायरी बुटकी पडत होती. खाली बसलं की गुडघा उठू देत नव्हता. पायरीशेजारी एक खुर्ची आणून ठेवली असतीत तरी भागलं असतं.

मी म्हणालो, मग सांगायचं नाही का?

म्हणाली, सांगितलं.

११ मार्च, संध्याकाळी

ही वही मागे चाळली. गुडघा: ५ फेब्रुवारी. गुडघा: ९ फेब्रुवारी. गुडघा: १ मार्च. सगळं माझ्याच अक्षरात. अक्षर चांगलं आहे.

१३ मार्च

सात फळ्या धडधाकट निघाल्या. मिस्त्री म्हणाला, यात बाक होतो. त्याने हिला खुर्चीवर बसवलं, गुडघा कुठे वाकला की दुखत नाही ते विचारलं, आणि तिथून जमिनीपर्यंत टेप लावली. एवढं विचारायला त्याला अर्धं मिनिट लागलं.

मी विचारलं, क्लिपा? म्हणाला, स्क्रू. वरून. दिसू देत की काका, उद्या एखादी फळी बदलायची झाली तर?

स्क्रू कमी पडले. पहिल्या नंबराने घरून आणले. पितळी पेल्यात. मी हातात घेऊन पाहिला. आतून स्क्रूंच्या गंजाचा तांबूस थर, बाहेरची अक्षरं झिजलेली. उन्हात तिरका धरला की वाचता येतात. प्रथम क्रमांक.

मिस्त्री म्हणाला, काका, स्क्रू द्या. दिले एकेक करून.

१५ मार्च, संध्याकाळी सहा

बाक मागच्या दाराशी, पायरीच्या जागी. खाली वारा, फळ्यांत फटी. स्क्रू मोजले, अठ्ठावीस. अठ्ठावीसही दिसतात.

पाचला चहा. ही बसली, उठून पाहिलं, पुन्हा बसली. गुडघ्याला विचारलं (मी), कसा आहे म्हणून. म्हणाली, बरा आहे, आणि माझ्याकडे संशयाने पाहिलं.

तेवढ्यात फाटक वाजलं. पहिला नंबर, स्वतःचा कप घेऊन. हिच्या शेजारी बसला. बाकावर जागा होती, पण तिसऱ्याची ती पलीकडच्या टोकाला, त्याच्या पलीकडे. मी तिथे न जाता कुंडीशेजारी ठेवलेल्या पायरीच्या तुकड्यावर बसलो. जुनी जागा. नदीची कविता सुरू केली. चौथ्या कडव्यापाशी थांबलो, तर ते हिने म्हटलं. पुढची दोन्ही. एकेचाळीस वर्षं ऐकून पाठ झाली होती म्हणे.

कविता संपली. उठायला गेलो. उठता येईना. गुडघा.

एका बाजूने हिने धरलं, दुसऱ्या बाजूने त्याने. उभा केला. मी मग सरळ जाऊन बाकाच्या मधोमध बसलो, दोघं येऊन बसायच्या आत. एका बाजूला ही, एका बाजूला तो. मधे मी. घट्ट.

ही म्हणाली, अहो, जरा सरका. फट ठेवा.

सरकलो.